येरळेकाठी शिकलेलं

येरळा खटाव तालुक्यातल्या डोंगरात उगम पावते, वडूजवरून खाली येत सांगली जिल्ह्यात शिरते आणि पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला कृष्णेला मिळते. वरच्या टोकाला दुष्काळ, खालच्या टोकाला महापूर. एकट्या सातारा जिल्ह्याचं घेतलं, तरी महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि माणमध्ये पाचशेच्या आतबाहेर. २०१९ साली ही दोन्ही टोकं एकाच वर्षात दिसली. उन्हाळ्यात म्हसवडला चारा छावणीत जनावरं बांधलेली होती आणि ऑगस्टात सांगलीला आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. माझं आजोळ खटावात, घर आणि थोडी शेती कृष्णाकाठी, त्यामुळे या दोन टोकांमधली ये-जा लहानपणापासूनची. दुर्बीण हातात घेतली ती पक्ष्यांसाठी. मातीतल्या जिवाणूंकडे लक्ष गेलं ते पूर ओसरल्यावर शेताचा वास बदलला तेव्हा. हवापाणी पालटतं तेव्हा हे दोघं काय करतात, ते बघता बघता जे उमगलं ते मांडतो. तुमच्या नदीचं काही वेगळं असेल.

१. पक्ष्यांचं पहिलं शहाणपण म्हणजे वेळेवर निघणं. मायणीचा ब्रिटिशकालीन तलाव आमच्या भागात रोहित पक्ष्यांसाठी, म्हणजे फ्लेमिंगोंसाठी, नावाजलेला. पण रोहित मायणीचे कधीच नव्हते, ते गुडघाभर पाण्याचे होते. डोकं उलटं करून, वाकड्या चोचीनं चिखलपाणी गाळून खाणारा हा पक्षी. पाणी चढलं तर त्याला चरता येत नाही, आटलं तर गाळायला काही उरत नाही. म्हणून एखाद्या वर्षी तो मायणीला दिसतो, एखाद्या वर्षी येरळवाडीच्या फुगवट्यावर, एखाद्या वर्षी सूर्याचीवाडीला. गावकरी म्हणतात, पक्षी रुसले. पक्षी चार कोसांवर पाय रोवून निवांत चरत असतात. २०२१ मध्ये मायणी, येरळवाडी, कानकात्रे, सूर्याचीवाडी या पाणवठ्यांचं मिळून एक संवर्धन राखीव क्षेत्र जाहीर झालं, तेव्हा मला फार बरं वाटलं. एका तलावाला कुंपण घालून रोहित राखता येत नाही, त्याला निवडीला चार तलाव लागतात, हे त्या निर्णयात मान्य झालं होतं. आता टेंभू, उरमोडी, जिहे-कठापूर या सिंचन योजनांचं पाणी या भागात फिरू लागलं आहे. ज्यांनी टँकरमागे घागरी घेऊन धावणाऱ्या बायका पाहिल्या आहेत, त्यांना या पाण्याचं मोल सांगायला नको. एवढंच मनात येतं, की सगळेच तलाव एकाच वेळी काठोकाठ भरले तर गुडघाभर पाणी कुठे उरणार? एखाद्या तलावाची एखादी उथळ कड तशीच राहू द्यायला हवी.

२. ज्यांना पंख नाहीत ते थांबायला शिकतात. मे महिन्यात माणातल्या माळावरची मूठभर माती हातात घ्या. ती राखेसारखी भुरभुरते, भर दुपारी तिचा वरचा थर ५० अंशांच्या पलीकडे तापलेला असतो. त्या मुठीत जिवाणूंची संख्या कोट्यवधींत असते, आणि बहुतेक सगळे निजलेले. कुणी स्वतःभोवती जाड कवच करून बीजाणू झालेले, कुणी पेशीत ट्रेहॅलोजसारखी साखर साठवून आपली प्रथिनं सांभाळत बसलेले. मला वाटायचं, पहिल्या पावसाने या सगळ्यांची सुटका होत असणार. वाचू लागलो तेव्हा कळलं, की तोच त्यांचा सर्वांत कठीण क्षण असतो. कोरड्या दिवसांसाठी पेशीत जे साठवलं, त्याच्या ओढीने पाणी भस्सकन आत शिरतं. साठा झटपट बाहेर टाकता आला नाही तर पेशी फुटते. फुटलेल्यांवर वाचलेले जगतात आणि मातीतून कार्बन डायऑक्साइडचा लोट उठतो. एच. एफ. बर्च या शास्त्रज्ञाने पूर्व आफ्रिकेतल्या मातीवर काम करून १९५८ साली हे मांडलं. या झटापटीत मातीत नत्र मोकळं होतं. आमच्याकडे पावसाआधी कोरड्यात धूळवाफेवर पेरायची जुनी रीत आहे. पहिल्या पावसाबरोबर उगवणाऱ्या त्या पिकाच्या तोंडी हे नत्र पडतं.

आणि तो वास! पहिल्या सरीनंतर छाती भरून घेतो तो. स्ट्रेप्टोमायसिस नावाचे जिवाणू जिओस्मिन तयार करतात, त्याचा तो गंध. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनाने दाखवलं, की या गंधाने मातीतले पिटुकले उड्या मारणारे जीव ओढले जातात, जिवाणू खातात आणि त्यांचे बीजाणू अंगाला लावून पुढे नेतात. थांबणाऱ्यांनीही प्रवासाची सोय करून ठेवलेली असते, फक्त पाय दुसऱ्याचे.

३. टिटवीकडून मी सर्वांत जास्त शिकलो. तिचं घरटं म्हणजे काहीच नसतं. उघड्या रानात, खड्यांमध्ये एक उथळ खळगा, त्यात खड्यांच्याच रंगाची चार अंडी. पाच पावलांवरून पाहिलं तरी दिसत नाहीत. एप्रिलच्या उन्हात मी आजोळच्या रानात, बांधावरच्या लिंबाखाली बसून एक जोडी बघत होतो. अंडी उबवण्याचा प्रश्नच नव्हता, ती उकडू नयेत हा प्रश्न होता. एक टिटवी अंड्यांवर पंख किंचित उचलून उभी, अंगाची सावली धरून. दुसरी पाटाकडे गेली, पाण्यात बसली, पोट हलवत राहिली, मग उठून घाईघाईने परत आली आणि ओल्या पिसांनी अंड्यांवर बसली. मग पहिलीची पाळी. पाण्याचे दोन थेंब खड्यावर पडले आणि बघता बघता वाळून गेले. दुपार कलेपर्यंत त्यांच्या खेपा चालू होत्या. कुठल्याही शाळेत न शिकता उन्हाशी असा व्यवहार करणारं पाखरू बघताना मन भरून येतं.

आमच्याकडे टिटवीच्या अंड्यांवरून पावसाचा अंदाज बांधतात. आजोळचे एक म्हातारे आण्णा दर वर्षी सांगतात, "औंदा टिटवीनं वढ्याकडंला न घालता वर बांधाला घातल्याती अंडी. पाऊस लई हाय." हा अंदाज खरा ठरतो की नाही याचा हिशेब मी ठेवलेला नाही. पण त्या निमित्ताने माणसं अंडी कुठे आहेत ते बघतात आणि औताला तेवढी जागा सोडतात, हे मी पाहिलं आहे. २०२५ च्या मे महिन्यात फलटण-माणकडे अवेळी मुसळधार कोसळला, ऐन अंड्यांच्या दिवसांत. टिटवीला ऊन माहीत आहे, तिच्या कित्येक पिढ्या त्यात भाजून निघाल्या आहेत. मेमध्ये रानातून वाहणारं पाणी तिच्या हिशेबात नाही. रोटाव्हेटर तर नाहीच नाही. शहरात टिटव्या आता घरांच्या सपाट गच्चीवर अंडी घालताना आढळतात. लोक कौतुकाने फोटो काढतात. मला मात्र त्या गच्चीवर, खाली न सोडलेलं रान दिसतं.

४. माळावरच्या पखुर्डीचा नर पिलांसाठी पोटाच्या पिसांत पाणी भरून नेतो. आफ्रिकेतल्या तिच्या भावकीत हे मोजलं आहे, एका खेपेला २५ मिलिलिटरच्या आसपास पाणी येतं. पिसांच्या बारीक तंतूंची ठेवणच अशी, की उडताना ते सांडत नाही. जत-आटपाडीकडे सकाळी पाणवठ्यावर पखुर्ड्यांचे थवे उतरतात, तेव्हा मी पाणी पिणाऱ्यांपेक्षा पाण्यात बसून राहणाऱ्यांकडे बघतो. कोरडेपणावर इतका सुंदर तोडगा असलेल्या या पाखराला पाणी जवळ आल्याचा उपयोग किती? पाण्यामागोमाग माळ नांगरला जातो, आणि तिला माळच हवा असतो.

५. नवीन परिस्थिती आली म्हणून नवीन जीव येतातच असं नाही. जे आधीपासून कोपऱ्यात होते तेच पुढे सरकतात. हे मला पुराच्या चिखलाने दाखवलं. कृष्णाकाठच्या उसात आठ-दहा दिवस पाणी उभं राहिलं, ओसरलं, आणि रानात पाय ठेवला तर नासक्या अंड्यांचा भपकारा. कुदळीने ढेकूळ उचकटलं. वरचं बोटभर काळं-तांबूस, त्याखाली निळसर राखाडी माती, मेणासारखी. ती आमची माती वाटेना.

झालं होतं असं. मातीच्या पोकळ्यांत पाणी भरलं, हवा संपली. प्राणवायूवर जगणारे जिवाणू एक-दोन दिवसांतच तो संपवून बसले. मग ज्यांना नत्राच्या नायट्रेट रूपावर श्वास घेता येतो ते उठले. नायट्रेट सरलं तसे मँगनीजवाले, मग लोहवाले. मातीचा तांबूस रंग लोहाच्या गंजाचा, तो यांनी वापरला म्हणून माती निळसर पडली. त्यानंतर सल्फेटवाले, त्यांचाच तो वास. पाणी आणखी राहिलं तर शेवटी मिथेन सोडणारे. कारखान्यात एक पाळी सुटते आणि दुसरी आत जाते तसं हे चालतं. यंत्र तेच, माणसं बदलली. आणि यातला कुणीही पुराबरोबर आलेला नव्हता. सुक्या दिवसांतही ढेकळाच्या आत, जिथे हवा पोचत नाही अशा कणभर जागेत, ते मूठभर संख्येने टिकून होते. पुढे वाफसा आला तेव्हा त्याच निळसर मातीत उसाच्या मुळांच्या कडेने बारीक तांबड्या रेघा उमटलेल्या दिसल्या. मुळांवाटे हवा खाली जात होती, लोह पुन्हा गंजत होतं, पहिली पाळी परतत होती. त्या तांबड्या रेघा बघून मला झालेला आनंद एखाद्या दुर्मीळ पक्ष्याच्या दर्शनाइतका होता.

त्याच पुरात नदीच्या दरडीतली वेड्या राघूंची बिळं वाहून गेली. पुढच्या उन्हाळ्यात, पाण्याने दरड जिथे नव्याने कापली होती, तिथेच त्यांनी नवी बिळं कोरली. पूर त्यांचं घर मोडतो आणि घरासाठी ताजी भिंतही देतो. काठाला सिमेंटची भिंत बांधली की त्यातलं दुसरं बंद होतं.

६. नदीवर अचानक पक्षी वाढले तर मला आता धास्ती वाटते. उन्हाळ्यात पात्रात पाणी कमी असताना कुठून तरी मळीचं पाणी येतं. त्यातली साखर म्हणजे जिवाणूंना मेजवानी. ते भराभर वाढतात आणि वाढताना पाण्यातला विरघळलेला प्राणवायू ओढून घेतात. मासे वर येऊन तोंडं उघडू लागतात, सकाळपर्यंत काठाला पांढऱ्या पोटांचा खच. मग बगळे, वंचक, घारी, कावळे तुटून पडतात. लांबून बघणाऱ्याला वाटावं, काय पक्षीवैभव आहे! जिवाणूंनी आपलं काम चोख केलं, पक्ष्यांनी संधी साधली, दोघांनीही परिस्थितीशी जुळवून घेतलं आणि नदी मेली. पाणथळीवरची पक्षीगणना वाचताना मी आता आकड्याच्या आधी पाणी कसं होतं ते विचारतो.

७. मिठालाही त्याची माणसं असतात. वाळवा, पलूस, मिरज तालुक्यांत काळ्या कसदार जमिनी क्षारपड होत गेल्या, त्याची कारणं सगळ्यांना पाठ आहेत: उसाला पाटाने मोकाट पाणी, निचरा नाही, खालचं पाणी वर येतं, ऊन ते पाणी उडवून नेतं आणि क्षार वर ठेवतं. मार्चमध्ये अशा रानावर पांढरा थर चढतो, चालताना पायाखाली करकरतो. ऊस हातभर वाढून पिवळा पडतो. खळग्यात साचलेल्या खारट पाण्यात लांब गुलाबी पायांचे शेकाटे येऊन उभे राहतात. मालक बांधावर डोक्याला हात लावून बसलेला असतो, त्याला त्या पायांचं सौंदर्य काय सांगणार?

मिठाचं पाणी पेशीतलं पाणी ओढून घेतं. त्यावर सूक्ष्मजीवांकडे दोन तोडगे आहेत. बहुतेक जण ग्लायसीन बीटेन किंवा एक्टोइनसारखे निरुपद्रवी पदार्थ पेशीत साठवून ओढाताण बरोबरीत ठेवतात. ते बनवायला शक्ती खर्ची पडते, तेवढी वाढ मंदावते. दुसरे, ज्यांना हॅलोआर्किया म्हणतात, ते पोटॅशियमचा क्षारच पेशीत भरून घेतात आणि त्यांची प्रथिनंही त्या खारात चालतील अशीच घडलेली असतात. हे इतके मिठाचे झालेले असतात, की गोड्या पाण्यात टाकले तर फुटतात. २०२० च्या जूनमध्ये बुलढाणा जिल्ह्यातलं लोणार सरोवर गुलाबी झालं, ते यांच्यामुळे. पाणी आटलं, क्षार वाढला, हॅलोआर्किया फोफावले आणि त्यांच्या रंगद्रव्याने सगळं सरोवर रंगलं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने त्याचा उलगडा केला. पावसाने पाणी वाढलं आणि रंग गेला. रोहिताच्या पंखांतली लाली कुठून येते? अशाच सूक्ष्म जिवांच्या रंगद्रव्यातून, जी तो खातो. पक्षी आणि जिवाणू हे माझे दोन वेगळे छंद आहेत असं मी समजत होतो. एका पिसात ते एक झाले.

पण क्षारपड रानात जीव आहेत म्हणून रान बरं आहे असं होत नाही. अमोनियाचं नायट्रेट करणारे जिवाणू खाराला नाजूक, ते मागे हटतात, आणि घातलेला युरिया पिकाला नीट लागत नाही. सच्छिद्र पाइप जमिनीखाली टाकून निचरा केला, क्षार धुऊन काढले, हिरवळीचं खत गाडलं, तर रान परत येतं. त्याला वर्षं लागतात, आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांनी मिळून केलं तरच जमतं, कारण पाणी सातबारा बघून थांबत नाही.

८. जुळवून घेण्याला वेग लागतो, आणि तो सगळ्यांना सारखा मिळालेला नाही. प्रयोगशाळेत चांगलं खाणं मिळालं तर ई. कोलाय हा जिवाणू वीस मिनिटांत दुप्पट होतो. अमेरिकेत रिचर्ड लेन्स्की यांनी १९८८ मध्ये याच जिवाणूचे बारा वंश वेगवेगळ्या चंबूंत वाढवायला घेतले. त्यातल्या एका वंशाला तीस हजारांहून जास्त पिढ्यांनंतर, जे त्याच्या जातीला जमत नव्हतं ते, प्राणवायू असताना सायट्रेट खाणं, जमलं. इतक्या घाईच्या जिवालाही नवी विद्या यायला इतक्या पिढ्या लागल्या! आणि तपासात दिसलं, की त्या विद्येची तयारी आधीच्या पिढ्यांत गुपचूप होऊन बसली होती.

आता गिधाड घ्या. जोडी वर्षाला एक अंडं घालते, पिल्लू पाच-सहा वर्षांनी वयात येतं. लाखो वर्षांत या पक्ष्याने सडक्या मांसाशी सोयरीक केली. जठरात जळजळीत आम्ल, आणि त्यातून निभावणाऱ्या जिवाणूंनाच आत जागा. अमेरिकेतल्या गिधाडांवर २०१४ मध्ये झालेल्या अभ्यासात चेहऱ्याच्या कातडीवर सरासरी ५२८ प्रकारचे सूक्ष्मजीव सापडले आणि आतड्यात अवघे ७६. त्यांतही ज्यांच्या भाऊबंदांनी इतर प्राणी मरतात असे जिवाणू भरपूर, आणि गिधाड ठणठणीत. असा हा पक्षी जनावरांना दिल्या जाणाऱ्या एका वेदनाशामकाने संपवला. मेलेल्या ढोराच्या मांसात उरलेल्या डायक्लोफेनॅकने गिधाडांची मूत्रपिंडं निकामी होतात, हे २००४ मध्ये सिद्ध झालं. २००६ मध्ये भारतात जनावरांसाठी ते बंद झालं. तोवर पांढऱ्या पाठीचं गिधाड देशात हजारात एखादंच उरलं होतं. माझ्या लहानपणी गावाबाहेर ढोर टाकलं की आभाळातून गिधाडं उतरायची. आता तिथे कुत्री असतात. पटकीच्या-फाशीच्या जिवाणूंना पचवणारं शरीर, आणि त्याला एका औषधाचं उत्तर शोधायला दहा-पंधरा वर्षं मिळाली, म्हणजे दोन-तीन पिढ्या. निसर्ग सगळं सांभाळून घेतो असं कुणी म्हणालं की मला गिधाड आठवतं.

९. जे टिकले त्यांच्याकडे बघताना, जे टिकू शकले नाहीत ते नजरेआड होतात. भोरड्या मध्य आशियात पिल्लं वाढवतात आणि पावसाळा सरता सरता आमच्याकडे येतात. शाळूचं कणीस भरलं की त्यांचे ढगच्या ढग उतरायचे, माळ्यावरून गोफण भिरभिरायची. शाळू कमी झाला, ऊस आणि द्राक्षं आली, बागांवर जाळ्या आल्या. भोरड्या वडा-पिंपळाच्या फळांवर, पळस-पांगाऱ्याच्या मधावर निभावतात. किडा, दाणा, फळ, मध, काहीही चालतं म्हणून त्या आहेत. माळढोकाला असं चालत नाही. त्याला मैलोगणती उघडा, शांत माळ लागतो आणि मादी सहसा एकच अंडं घालते. सोलापूरजवळच्या नान्नजच्या अभयारण्यातही आता तो दिसला तर बातमी होते. बदलत्या हवामानात पक्षी तगतील का, असं विचारणाऱ्याला मी उलट विचारतो, कुठला पक्षी?

१०. आपल्या हातात सर्वांत जास्त आहे ते उसाच्या पाचटात. हिवाळ्यात पाचट पेटतं तेव्हा धुराच्या कडेने कोतवाल, नीलकंठ, घारी, गायबगळे जमतात. जीव घेऊन पळणारे किडे त्यांना आयते मिळतात. ती मेजवानी एका दुपारची. राखेखालच्या बोटभर मातीतले जिवाणू भाजून निघतात, पाचटातला कर्ब आणि नत्र धुरात जातं आणि महिनाभर त्या रानात धोबी पक्षीसुद्धा फिरकत नाही. पाचट सरीत दाबलं तर खाली ओल राहते, गांडुळं वर येतात, कोळी-भुंगे वाढतात, आणि मग साळुंक्या, धोबी, भारद्वाज, तितर त्यात दिवसभर उकरत असतात.

पाचट कुजत नाही ही तक्रार खरी आहे, आणि त्याचं कारण जिवाणूंच्या पोटात आहे. पाचटात कर्ब भरमसाट, नत्र नावाला. जिवाणूला शरीर बांधायला नत्र लागतं, ते तो मातीतून उचलतो आणि खोडवा पिवळा पडतो. म्हणून एक टन पाचटाला ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजवणारं जिवाणू संवर्धन अशी शिफारस आहे. ऊस शेतीतलं बरंचसं शास्त्र ज्या केंद्रात घडत आलं, ते पाडेगावचं मध्यवर्ती ऊस संशोधन केंद्र आपल्याच सातारा जिल्ह्यात आहे, १९३२ पासून. उसाच्या कांडीत राहून हवेतलं नत्र धरणारा ॲसिटोबॅक्टर नावाचा जिवाणू १९८८ मध्ये ब्राझीलच्या उसात सापडला. आपल्याकडेही बेणं त्याच्या द्रावणात बुडवून लावतात. इतक्या साखरेत सगळेच जिवाणू तग धरत नाहीत. यानं तिथंच बस्तान बसवलं आणि उसाचं पोटही भरलं.

एवढ्या वर्षांत मी पाहिलं ते असं, की संकटातून वर आलेला प्रत्येक जीव कुठल्या तरी राहून गेलेल्या जागेतून वर आला: ढेकळाच्या आतून, तलावाच्या उथळ कडेवरून, न नांगरलेल्या बांधावरून. शेत, तलाव, नदीकाठ सगळं एकसारखं करून टाकलं की या जागा जातात. म्हणून विनंती एवढीच आहे. यंदा उसाला तोड आली की टोळीला आधीच सांगून ठेवा, पाचट पेटवायचं नाही. सगळ्या रानाचं धाडस होत नसेल तर निदान एका तुकड्यात करून बघा. बुडखे जमिनीलगत छाटा, पाचट सरीत पसरा, वर युरिया-सुपर आणि संवर्धन टाका, पाणी द्या. आणि एप्रिल-मेमध्ये रानात टिटवीचा खळगा दिसला तर तेवढी चार हात जागा औताला सोडायला लावा.